जर्मन नावातील ‘ग्राफ’ : पदवी कोणती, आडनाव कोणते आणि मूळ कसे शोधावे

टेनिसपटू स्टेफी ग्राफ आणि २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवणारे लष्करी अधिकारी क्लाउस शेंक ग्राफ फॉन श्टाउफेनबेर्ग या दोघांच्या नावांत एकच शब्द येतो, पण त्याचे काम दोन्हीकडे वेगळे आहे. पहिल्या नावात ‘ग्राफ’ हे साधे आडनाव आहे आणि त्यावरून ते घराणे उमरावांचे असल्याचे कोणतेही अनुमान निघत नाही. दुसऱ्या नावात ती एका सरदार घराण्याला मिळालेली पदवी आहे. जर्मन इतिहास वाचणारे, जर्मनमधून अनुवाद करणारे, जुन्या पत्रव्यवहाराची सूची करणारे किंवा जर्मनीत नोकरीनिमित्त राहणारे मराठी वाचक अशा नावांपाशी अनेकदा अडतात आणि ‘फॉन’ दिसला की सरदार, ‘ग्राफ’ दिसला की राजघराणे, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष बऱ्याच वेळा चुकतो. नावाचे भाग कसे सुटे करावेत, त्यांतील पदवी कोणत्या काळाची आणि कोणत्या प्रदेशाची आहे हे कसे ठरवावे आणि आडनावाच्या मुळापर्यंत कसे पोहोचावे, याची क्रमवार पद्धत पुढे दिली आहे.

आधी शब्दाचा इतिहास समजून घ्यावा

‘ग्राफ’ हा शब्द मुळात पदवी नव्हता, ते एका अधिकाराच्या जागेचे नाव होते. फ्रँक लोकांच्या ‘लेक्स सालिका’ या जुन्या कायदेसंहितेत ‘ग्राफिओ’ नावाचा राजाचा अधिकारी आढळतो, आणि लॅटिन कागदपत्रांत त्याच्यासाठी पुढे ‘कोमेस’, म्हणजे राजाचा सोबती, हा शब्द रूढ झाला. इंग्रजीतील ‘काउंट’ हा या ‘कोमेस’चाच वंशज आहे. ‘ग्राफिओ’च्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार तो बायझंटाइन ग्रीकमधील ‘ग्राफेउस’, म्हणजे लेखनिक, या शब्दावरून लॅटिनमार्गे आला. दुसऱ्या मतानुसार तो जर्मानिक भाषांतीलच असून त्याचे मूळ आज्ञा किंवा हुकूम या अर्थाच्या धातूत आहे. ‘ग्राफ म्हणजे लेखनिक’ असे एखाद्या ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळले, तर ते दोनपैकी एकच मत आहे हे ध्यानात ठेवावे.

शार्लमेनच्या राज्यात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नवव्याच्या सुरुवातीला, ग्राफ हा एका परगण्याचा अधिकारी असे. तो राजाच्या नावाने न्यायसभा भरवी, युद्धाच्या वेळी परगण्यातील माणसे गोळा करी आणि राजाचे उत्पन्न जमा करी. ७८८ साली शार्लमेनने बव्हेरियाचा ड्यूक टासिलो तिसरा याला पदच्युत केल्यानंतर तेथेही बलाढ्य ड्यूकाऐवजी राजाला जबाबदार असणाऱ्या अशा अधिकाऱ्यांच्या हाती कारभार जाऊ लागला. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी राजाचे फिरते दूत नेमलेले असत. केंद्रीय सत्ता दुबळी होत गेली तसे हे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले, त्याला जोडून दिलेली जमीन घराण्याची मानली जाऊ लागली आणि अधिकाऱ्याचा हळूहळू स्थानिक सत्ताधीश झाला. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही कामाची नावे वतनाबरोबर वंशपरंपरागत झाली आणि शेवटी काम संपले तरी आडनावे उरली, हा प्रवास मराठी वाचकाला परिचित आहे, आणि ‘ग्राफ’ची वाटचाल समजण्यासाठी तो उपयोगी पडतो. फरक एवढाच की जर्मनीत या शब्दाला दोन वाटा फुटल्या. एक वाट वर गेली आणि तिच्यातून उमरावांची श्रेणी तयार झाली. दुसरी खालीच राहिली आणि गावचा न्यायाधीश, बंधाऱ्यांचा प्रमुख, मिठागरांचा देखरेख्या अशा साध्या अधिकाऱ्यांनाही ‘ग्राफ’ म्हटले जात राहिले. पुढच्या प्रत्येक पायरीवर या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत हाच प्रश्न विचारायचा आहे.

पहिली पायरी : नावाचे भाग सुटे करणे

संपूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे आणि व्यक्तिनाम, पदनाम, पदवी, संबंधदर्शक शब्द आणि मूळ आडनाव असे भाग वेगळे करावेत. श्टाउफेनबेर्ग यांचे नाव या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. ‘क्लाउस’ हे व्यक्तिनाम. ‘शेंक’ म्हणजे धन्याला मद्य देणारा दरबारी सेवक. हे घराणे पूर्वी त्सोलर्न घराण्याच्या ग्राफांकडे हे मानाचे काम वंशपरंपरेने करी आणि त्याचीच खूण नावात राहिली. ‘ग्राफ’ ही पदवी बरीच नंतरची आहे. हे घराणे आधी त्याखालच्या ‘फ्रायहेर’ या श्रेणीत होते आणि या शाखेला ग्राफपद १८७४ साली बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने दिले. ‘फॉन’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘हून’. ‘श्टाउफेनबेर्ग’ हे हेखिंगेनजवळच्या किल्ल्याचे नाव. त्यातील ‘श्टाउफ’ हा पेल्यासाठी जुना शब्द असून पालथ्या पेल्यासारख्या दिसणाऱ्या टेकड्यांना तो लावला जाई, आणि ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. होहेनश्टाउफेन या सम्राटांच्या घराण्याच्या नावातही हाच ‘श्टाउफ’ आहे, पण दोन घराण्यांचे नाते त्यावरून सिद्ध होत नाही. एकाच नावात मध्ययुगीन सेवापद, एकोणिसाव्या शतकातील पदवी आणि एका किल्ल्याची जागा असे तीन वेगळ्या काळांचे थर आहेत, आणि प्रत्येकाचे मूळ स्वतंत्रपणे शोधावे लागते. संपूर्ण नावाचा एकच अर्थ शोधू पाहणारा येथेच चुकतो.

सुटे करताना दोन पदव्याही आढळू शकतात. पश्चिम जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री राहिलेले ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांचे पूर्ण नाव ओटो फ्रीडरिश विल्हेल्म फ्रायहेर फॉन डेर वेंगे ग्राफ लाम्ब्सडोर्फ असे होते. येथे ‘वेंगे’ या नावाला फ्रायहेर आणि ‘लाम्ब्सडोर्फ’ या नावाला ग्राफ जोडलेले आहे. रोजच्या वापरात पहिला भाग गळून जाई.

दुसरी पायरी : ‘ग्राफ’ नावात कुठे आहे ते पाहणे

जर्मन भाषेत सर्वच नामांचे पहिले अक्षर मोठे लिहितात, त्यामुळे लिपीवरून पदवी आणि आडनाव वेगळे करता येत नाहीत. जागा मात्र बरेच सांगते. ‘ग्राफ’ सर्वांत शेवटी असेल आणि त्यानंतर काहीही नसेल, तर ते आडनाव आहे. व्यक्तिनाम आणि आडनाव यांच्या मध्ये असेल, तर ती पदवी आहे, मग पुढे ‘फॉन’ असो वा नसो. व्यक्तिनामाच्याही आधी असेल, उदाहरणार्थ ‘ग्राफ फेर्डिनांड फॉन त्सेपेलिन’, तर ती पदवीच आहे आणि मजकूर बहुधा १९१९ पूर्वीचा किंवा जुन्या शिष्टाचाराला धरून लिहिलेला आहे. जोडरेघेने दुसऱ्या आडनावाला जोडलेला ‘ग्राफ’ हा लग्नानंतर जोडलेल्या आडनावाचा भाग असतो.

‘हेर ग्राफ’ एवढेच लिहिलेले असेल तर मात्र संदर्भ पाहिल्याशिवाय निर्णय करू नये, कारण त्याचा अर्थ ‘ग्राफसाहेब’ असाही होतो आणि ‘श्रीयुत ग्राफ’ असाही होतो.

स्त्रियांच्या नावांत याहून मोठा सापळा आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी नीट समजावलेला आढळतो. ग्राफाच्या पत्नीला आणि मुलीला ‘ग्रेफिन’ म्हणतात; ‘डी त्साइट’ या साप्ताहिकाच्या संपादक मारियोन ग्रेफिन डोनहोफ यांच्या नावात ती पदवी आहे. पण सतराव्या आणि अठराव्या शतकांत सर्वसामान्य स्त्रियांच्या आडनावालाही ‘इन’ हा स्त्रीवाचक प्रत्यय लावत असत, म्हणजे म्युलर घराण्यातील स्त्री ‘म्युलरिन’ होई. त्यामुळे जुन्या चर्चच्या नोंदवहीत ‘आना ग्रेफिन’ असे दिसले, तर ती उमरावाची मुलगी नसून ग्राफ आडनावाच्या शेतकऱ्याची किंवा विणकराची मुलगी असण्याची शक्यता बरीच मोठी असते. त्याच पानावर वडिलांचा व्यवसाय आणि साक्षीदारांची नावे पाहिली की खुलासा होतो. खऱ्या ग्राफाच्या नोंदीत आदराची लांबलचक विशेषणे आणि जागिरीचे नाव असते; सामान्य माणसाच्या नोंदीत ती नसतात.

तिसरी पायरी : साल आणि देश निश्चित करणे

जर्मनीत १९१९ ही निर्णायक रेषा आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेतील कलम १०९ ने जन्मावर किंवा दर्जावर आधारलेले सार्वजनिक विशेषाधिकार रद्द केले, नव्या पदव्या देणे बंद केले आणि असलेल्या पदव्या केवळ नावाचा भाग मानल्या जातील असे ठरवले. ही तरतूद आजही जर्मनीत कायदा म्हणून लागू आहे. तिचा परिणाम पहिल्या वाचनात वाटतो त्याहून खोल आहे. १९१९ पूर्वी ‘ग्राफ’ हा दर्जा होता आणि तो सर्वसाधारणपणे बापाकडून औरस संततीला मिळे. त्यानंतर तो आडनावाचा तुकडा झाला, त्यामुळे तो सामान्य नावाच्या कायद्याने चालतो, म्हणजे आईकडून, विवाहाने किंवा दत्तकविधानानेही मिळू शकतो. आज एखाद्याच्या पारपत्रावर ‘ग्राफ फॉन’ असणे एवढ्यावरून त्याच्या पूर्वजांविषयी काहीही सिद्ध होत नाही. जुन्या सरदार घराण्यांच्या संघटना आपल्या खासगी नियमांनुसार अशा नावधारकांना आपल्यातले मानत नाहीत, पण त्यांच्या त्या मताला कायद्याचे बळ नाही. पैसे घेऊन ‘ग्राफ’ पदवी देऊ करणाऱ्या जाहिरातींबद्दलही हेच लक्षात घ्यावे : अशी पदवी देण्याचा अधिकार जर्मनीत कोणाकडेही उरलेला नाही.

ऑस्ट्रियाने त्याच वर्षी वेगळा मार्ग घेतला. एप्रिल १९१९ च्या कायद्याने तेथे पदव्याच नव्हे, तर ‘फॉन’सुद्धा ऑस्ट्रियन नागरिकांच्या नावांतून काढून टाकला. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक हे व्हिएन्नात १८९९ साली ‘फॉन हायेक’ म्हणून जन्मले आणि या कायद्याने ‘फॉन’ गमावून बसले. सगळ्या जगात त्यांची पुस्तके मात्र दोन्ही रूपांत छापली गेली. वाद्यवृंद संचालक हेर्बेर्ट फॉन कारायान यांच्या नावातील ‘फॉन’ ऑस्ट्रियात रंगमंचीय नाव म्हणून टिकला. म्हणून एखादी व्यक्ती ऑस्ट्रियाची आहे की जर्मनीची, हे पाहिल्याशिवाय तिच्या नावातील ‘फॉन’च्या असण्यावरून वा नसण्यावरून काहीही ठरवू नये.

साल पाहण्याचे आणखी एक कारण असे की एकाच माणसाची पदवी आयुष्यात बदलू शकते. बिस्मार्क १८१५ साली जन्मले तेव्हा नुसते ‘फॉन बिस्मार्क’ होते, १८६५ मध्ये ग्राफ झाले, १८७१ मध्ये फ्युर्स्ट, म्हणजे ग्राफाच्या वरच्या श्रेणीतील, आणि १८९० मध्ये निवृत्तीच्या वेळी त्यांना लाउएनबुर्गचा ड्यूक ही पदवी मिळाली. १८६२ च्या प्रसंगात त्यांना ‘काउंट बिस्मार्क’ म्हणणारा मजकूर म्हणूनच चुकीचा ठरतो.

चौथी पायरी : जोडशब्द असल्यास तो ओळखणे

‘ग्राफ’च्या आधी जोडलेला शब्द त्या पदाचे मूळ सांगतो, आणि येथे थोडे थांबून पाहिले तर जर्मनीचा मध्ययुगीन नकाशाच डोळ्यांपुढे येतो.

‘मार्क’ म्हणजे सीमाप्रदेश. सीमेवर नेमलेल्या मार्कग्राफाला सैन्याचे अधिकार साध्या ग्राफापेक्षा जास्त असत, कारण शत्रू समोर असताना राजाच्या आज्ञेची वाट पाहणे शक्य नसे. त्यामुळे ही पदे लवकर बलाढ्य झाली. अल्ब्रेख्ट ‘अस्वल’ याने ११५७ पासून ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ म्हणून सत्ता चालवली, आणि त्याच प्रदेशातून पुढे प्रशियाचे राज्य वाढले. ऑस्ट्रियाही आधी मार्कग्राफांचा मुलूख होता; ११५६ साली तिला ड्यूकांचे राज्य बनवण्यात आले.

‘फाल्ट्स’ हा लॅटिनमधील राजवाडा या अर्थाच्या ‘पालातिउम’वरून आला आहे. फाल्ट्सग्राफ हा मुळात राजवाड्यातील न्यायाचा अधिकारी. ऱ्हाइनकाठचा फाल्ट्सग्राफ इतका वाढला की १३५६ च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानाने सम्राट निवडणाऱ्या सात जणांत त्याचे स्थान पक्के केले. मात्र ‘होफफाल्ट्सग्राफ’ हा पूर्णपणे वेगळा माणूस आहे. त्याला सम्राटाच्या वतीने नोटरी नेमणे किंवा सामान्य माणसांना कुलचिन्ह देणे असे काही अधिकार असत, पण मुलूख नसे, आणि अनेकदा तो एखादा कायदेपंडित असे.

लांडग्राफ हे पद बाराव्या शतकात पुढे आले. थुरिंगियाच्या घराण्याला ते ११३१ मध्ये मिळाले आणि हेसेनच्या शासकांनीही तेच पद चालवले. बुर्गग्राफ हा किल्ल्याचा आणि त्याभोवतीच्या नगराचा अधिकारी; न्युर्नबेर्गचे बुर्गग्राफपद बाराव्या शतकाच्या अखेरीस त्सोलर्न घराण्याकडे आले, त्याच्याच एका वंशजाला १४१५ मध्ये ब्रांडेनबुर्ग मिळाले आणि शेवटी त्या कुळातून जर्मन सम्राट झाले. ऱ्हाइनग्राफ, विल्डग्राफ आणि राउग्राफ ही नावे पश्चिमेकडील मोजक्या घराण्यांचीच आहेत, त्यामुळे ती दिसली की शोध एकदम आटोपशीर होतो.

आता दुसरी, खालची वाट. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर बंधाऱ्यांची व्यवस्था पाहणारा तो डाइखग्राफ, हाले येथे मिठाच्या कामावर देखरेख करणारा तो साल्त्सग्राफ, रेगेन्सबुर्गमधील व्यापारी संघाचा प्रमुख तो हान्सग्राफ, ग्रामीण न्यायसभेचा प्रमुख तो गोग्राफ किंवा त्सेंटग्राफ. यांतील कोणीही उमराव नव्हता. हेसेनमध्ये तर गावच्या मुख्यालाच ‘ग्रेबे’ म्हणत, आणि १७३९ साली हेसेन-कासेलच्या शासकाने या ग्रेब्यांची कर्तव्ये सांगणारा स्वतंत्र हुकूमनामा काढला होता. ग्रेबे, त्सेंटग्राफ ही आजची आडनावे अशा पदांवरून आली आहेत. अशा आडनावाच्या माणसाला आपला पूर्वज राजा नव्हता म्हणून खंत वाटण्याचे कारण नाही. गावाचा न्याय करणारा माणूस हा इतिहासाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा पूर्वज आहे.

पाचवी पायरी : साध्या ‘ग्राफ’ आडनावाचे कारण शोधणे

जर्मन आडनावे मुख्यतः बाराव्या ते सोळाव्या शतकांत स्थिर झाली, आणि त्या काळात ग्राफ, हेर्त्सोग म्हणजे ड्यूक, क्योनिग म्हणजे राजा, कायझर म्हणजे सम्राट, बिशोफ म्हणजे बिशप ही सर्व नावे शेतकरी आणि कारागीर यांना मिळाली. १९९४ ते १९९९ या काळात जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष असलेले रोमान हेर्त्सोग ड्यूकांच्या घराण्यातले नव्हते. अशी नावे पडण्याची कारणे तीन-चार प्रकारची आहेत. एखादा ग्राफाच्या जमिनीवर राबत असे किंवा त्याच्या वाड्यात नोकरीला असे. एखादा उत्सवातील खेळात ते सोंग घेई. एखादा ऐटीत वागतो म्हणून शेजारी त्याला ते नाव देत. आणि एखादा वर सांगितल्याप्रमाणे खरोखरच गावपातळीवरचा ग्राफ असे. यांपैकी नेमके कोणते कारण एखाद्या घराण्याला लागू पडते, हे सर्वांत जुनी नोंद आणि तिचा प्रदेश पाहिल्यावरच सांगता येते.

आडनावाचे रूपही प्रदेश दाखवते. दक्षिणेत आणि मध्य भागात ग्राफ, ग्रेफ, उत्तरेच्या सखल भागात ग्रेवे, हेसेनमध्ये ग्रेबे. आडनावांचे आजचे भौगोलिक वितरण दाखवणारे नकाशे संगणकावर उपलब्ध आहेत, आणि माइन्त्स येथील विज्ञान अकादमीचा जर्मन आडनावांचा डिजिटल कोश विनामूल्य पाहता येतो. शोधाची सुरुवात तेथूनच करावी, कारण तेथे अर्थाबरोबर जुन्या नोंदींची सालेही मिळतात. नुसता ‘अर्थ’ सांगणाऱ्या आणि सोबत कुलचिन्ह विकणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये. जर्मन परंपरेत कुलचिन्ह विशिष्ट कुळाचे असते, एका आडनावाच्या सर्व माणसांचे नसते.

याच प्रकारातले एक नाव साखर कारखानदारीच्या महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे आहे. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस सिगिसमुंड मार्कग्राफ यांनी १७४७ साली बीटच्या कंदात उसातलीच साखर असते हे दाखवून दिले. त्यांच्या नावात मार्कग्राफ हा सीमाप्रदेशाच्या अधिपतीचा शब्द आहे, पण ते एका औषधविक्रेत्याचे पुत्र होते.

सहावी पायरी : ‘फॉन’ची पारख

‘फॉन’ हा स्थानदर्शक शब्द आहे आणि मध्ययुगात तो कोणालाही लागू शकत असे. वायव्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘फॉन’ असलेली अनेक साधी आडनावे आजही आहेत. ती फक्त पूर्वज कोणत्या वाडीतून किंवा कोणत्या माळावरून आले एवढेच सांगतात. गोंधळ टाळण्यासाठी उत्तरेतील सरदार घराणी ‘फॉन’चे केवळ आद्याक्षर आणि टिंब लिहीत, तर सामान्यांच्या नावात शब्द पूर्ण लिहिला जाई. जुन्या सैनिकी याद्या वाचताना हा बारकावा फार उपयोगी पडतो.

डच ‘फान’ तर उमरावपणाची खूणच नव्हे. बीथोव्हेन यांच्या पुतण्याच्या ताब्याचा खटला व्हिएन्नात सरदारवर्गासाठी असलेल्या न्यायालयात चालू होता. १८१८ च्या अखेरीस आपल्या नावातील ‘फान’ हा सरदारकीचा पुरावा नाही हे त्यांना मान्य करावे लागले, आणि खटला सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे गेला.

उलट बाजूने पाहिले तर ‘फॉन’ नसलेली अस्सल सरदार घराणीही आहेत. शिष्टाचारावरील लेखनासाठी प्रसिद्ध असलेले आडोल्फ फ्रायहेर क्निगे हे त्यांपैकी एक. आणि ‘फॉन’च्या पुढचा शब्द गावाचे नाव असेलच असेही नाही. गोएटे यांना १७८२ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने सरदारकी दिली, तेव्हा जुन्याच आडनावाआधी ‘फॉन’ लागला. गोएटे नावाच्या गावाचा शोध घेणे व्यर्थ आहे. पहिल्या महायुद्धातील वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन यांच्या घराण्याचे आधीचे नाव ‘प्रेटोरिउस’ होते, जे गावच्या मुख्याला असलेल्या जर्मन शब्दाचे लॅटिन रूप होते. १६६१ मध्ये सम्राट लेओपोल्ड पहिला याने सरदारकी दिली तेव्हा न्यायाधीश या अर्थाच्या ‘रिख्टर’शी जुळणारे हे नवे नाव घडवण्यात आले. त्या घराण्याला फ्रायहेर ही पदवी १७४१ मध्ये प्रशियाच्या राजाकडून मिळाली, आणि फ्रायहेर म्हणजे बॅरन, म्हणून मानफ्रेड यांचे टोपणनाव ‘लाल बॅरन’.

‘फॉन’ऐवजी ‘त्सू’ असेल, तर ते घराणे त्या ठिकाणी अजून नांदत असल्याचे किंवा नाव पडले तेव्हा नांदत असल्याचे तो सांगतो. ‘फॉन उंड त्सू’ म्हणजे मूळही तेथलेच आणि ताबाही तेथलाच. लिख्टेनश्टाइनच्या राजघराण्याचे नाव असे आहे.

सातवी पायरी : गावाचे नाव नकाशावर शोधणे

मूळ आडनाव ठिकाणावरून आले असेल, तर शब्दाचा शेवट पाहावा. ‘बुर्ग’, ‘बेर्ग’, ‘श्टाइन’, ‘फेल्स’, ‘एक’ हे बहुधा किल्ल्यांचे शेवट असतात आणि दक्षिण व पश्चिम भागांत जास्त आढळतात. ‘ओ’ असा उच्चार होणारा शेवट, तसेच ‘इत्स’ आणि ‘इन’, हे एल्बे नदीच्या पूर्वेकडील स्लाव्ह वस्त्यांच्या नावांतून आलेले असतात. ब्यूलो घराणे मेक्लेनबुर्गमधील त्याच नावाच्या गावचे, आणि हवेपेक्षा हलक्या हवाई जहाजांमुळे जगभर गेलेले त्सेपेलिन हे नावही मेक्लेनबुर्गमधील एका छोट्या गावाचे आहे. म्हणजे जर्मन सरदारांची कितीतरी नावे मुळात जर्मन भाषेतली नाहीतच.

एकाच नावाची अनेक गावे असतात, म्हणून पहिल्या सापडलेल्या गावावर थांबू नये. १९१२ च्या सुमाराचा, जर्मन साम्राज्यातील वस्त्यांची नोंद असलेला मायर यांचा स्थलकोश संगणकावर शोधता येतो. आज पोलंड किंवा रशियात असलेली आणि नावे बदललेली गावेही त्यात सापडतात.

आठवी पायरी : पदवी कोणी आणि केव्हा दिली ते पडताळणे

सरदार घराण्यांचे ढोबळमानाने दोन गट करतात. सुमारे १४०० पूर्वीच सरदारवर्गात गणले गेलेले ते मूळ सरदार, आणि नंतर सनदेने झालेले ते सनदी सरदार. ग्राफपद मात्र मूळ सरदारांनाही पुष्कळदा नंतरच्या सनदेनेच मिळालेले असते, त्यामुळे घराण्याचे वय आणि पदवीचे वय या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. १८०६ पूर्वी सम्राटाने दिलेली पदवी ‘राइखग्राफ’ म्हणून ओळखली जाते आणि तिची कागदपत्रे मुख्यतः व्हिएन्नाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यानंतर प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेम्बेर्ग अशा स्वतंत्र राज्यांचे राजे पदव्या देऊ लागले, तेव्हा शोध त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात घ्यावा. गोथा शहरातून निघणाऱ्या वंशावळींच्या वार्षिकात ग्राफ घराण्यांचा स्वतंत्र खंड १८२५ पासून निघत असे. अठराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाललेल्या या मालिकेचे अनेक खंड अंकीकृत झाले आहेत, आणि घराण्याचे नाव त्यात सापडल्यास सनदेचे साल आणि देणारा शासक सहसा पहिल्याच परिच्छेदात मिळतो.

हस्तलिखित नोंदी पाहायच्या असतील, तर प्रॉटेस्टंट चर्चच्या नोंदवह्यांसाठी ‘आर्खिओन’ आणि कॅथलिक नोंदवह्यांसाठी ‘मात्रिकुला’ ही दोन मोठी संकेतस्थळे आहेत. कॅथलिक नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात, तेथे ग्राफासाठी ‘कोमेस’, ग्रेफिनसाठी ‘कोमितिस्सा’ आणि फ्रायहेरसाठी ‘लिबेर बारो’ हे शब्द शोधावेत. जर्मन नोंदी ‘कुरेंट’ या जुन्या वळणदार लिपीत असतात आणि ती शिकायला काही आठवडे द्यावे लागतात. ते श्रम टाळू नयेत, कारण नावातील एक अक्षर चुकीचे वाचले की संपूर्ण शोध दुसऱ्याच घराण्याकडे वळतो. शिक्क्यावर किंवा अंगठीवर मुकुट कोरलेला असेल तर त्याची टोके मोजावीत : पाच टोके साध्या सरदाराची, सात फ्रायहेरची आणि नऊ ग्राफाची, असा संकेत आहे. कारागिरांनी तो नेहमी काटेकोरपणे पाळला असे नाही, म्हणून मुकुटाला दुय्यम पुरावाच मानावे.

एका घराण्यात एकाच वेळी अनेक ग्राफ दिसले, तर त्यात चूक नाही. इंग्लंडमध्ये पदवी एका वेळी एकाच व्यक्तीकडे असते. जर्मनीत ती साधारणपणे सर्व मुलांना आणि मुलींना मिळे. त्यामुळे ‘ग्राफ’ म्हणजे घराण्याचा प्रमुख असे समजून वंशावळ मांडू नये.

मराठीत लिहिताना

नाव मराठी मजकुरात आणताना ‘ग्राफ’चे ‘राजा’, ‘राव’ किंवा ‘सरदार’ असे भाषांतर करू नये. इंग्रजीमार्गे आलेला ‘काउंट’ चालतो, पण त्याचा उपयोग एका लेखात एकसारखा ठेवावा आणि आधी ‘काउंट’ लिहिले असल्यास नावात पुन्हा ‘ग्राफ’ ठेवू नये. जेथे ते आडनाव आहे तेथे मात्र ते कधीही अनुवादित करायचे नसते. सूची करताना पदवी आणि ‘फॉन’ बाजूला ठेवून मूळ आडनावाखाली नोंद करण्याची जर्मन पद्धत स्वीकारावी, म्हणजे ‘त्सेपेलिन, फेर्डिनांड ग्राफ फॉन’. आणि जर्मनीत अशा नावाच्या व्यक्तीला पत्र लिहायचे असेल, तर कायद्याने ‘हेर ग्राफ लाम्ब्सडोर्फ’ असे लिहिणे बरोबर असले, तरी रूढ शिष्टाचार ‘हेर’ गाळून ‘ग्राफ लाम्ब्सडोर्फ’ असे संबोधण्याचा आहे. त्या व्यक्तीने स्वतः आपल्या पत्राखाली पदवीशिवाय सही केली असेल, तर तिच्या सहीतील नावच वापरावे.